बाप मधोमध उभा नाही

गौतम, तू बरोबर होतास. हे मला कळलं तेव्हा तुला जाऊन चार दिवस झाले होते. आज अकरावा दिवस आहे, आणि अजूनही हे कुणाला तरी सांगावं म्हणून फोन हातात घेतला की बोट आधी तुझ्याच नावावर जातं. काल तर लागलाही. प्रज्ञानं उचलला. "काका?" म्हणाली. तुझ्या नंबरावरून तुझ्या पोरीचा आवाज. मी "चुकून लागला बेटा" म्हणालो आणि ठेवून दिला.

मला अजून खरं वाटत नाही. पडेगावला मी कंपनीच्या बसमध्ये चढतो, तिसऱ्या बाकावर खिडकीशी बसतो आणि शेजारी डब्याची पिशवी ठेवतो. बजाजनगरच्या थांब्यावर तू चढायचास, पिशवी उचलून माझ्या मांडीवर आदळायचास आणि बसायचास. एकोणीस वर्षं हेच. त्या मंगळवारी बस थांब्याला लागली तर तिथं घोळका. मला वाटलं कुणाचं तरी भांडण लागलंय. खरं सांगतो, मला तुझाच राग आला. हा तिथं तमाशा बघत उभा असणार आणि इकडं ड्रायव्हर हॉर्न मारतोय. मी खिडकीतून ओरडलो, "ए गौत्या, चढ ना लवकर!" घोळक्यातल्या एकानं वर बघितलं. त्याच्या हातात तुझा डबा होता. मी आधी डबा ओळखला. खाली पडलेला तू मला नंतर दिसलास.

आदल्या दिवशी उतरताना तू म्हणाला होतास, "उद्या मेथी हाय, तुझी भाकर जास्तीची आण." मी आणली होती. त्या दिवशी दवाखान्याच्या बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसलो होतो आणि डोक्यात एकच चाललं होतं, की आता या चार भाकरींचं काय करायचं. माणूस असा कसा असतो, मला माहीत नाही. डॉक्टर हृदयाबद्दल काहीतरी समजावून सांगत होते आणि मी भाकरी मोजत होतो.

तुझं वय, तुझं गाव, मागे कोण कोण, हे सगळं फोटोसकट पेपरात छापून आलं. त्यातलं मला काही सांगायचं नाही. मला तुझ्या घरी मी जोडलेल्या त्या वायरीबद्दल बोलायचंय.

तुझ्या बापाची ती कॅसेट. किसनबाबांची गायन पार्टी होती, जयंतीला गावोगाव जायची. तू नऊ वर्षांचा असताना बाबा गेले. तू मला एकदा म्हणाला होतास, "दत्ता, बापाचं तोंड मला नीट आठवत नाय. पण त्याचं उभं राहणं आठवतं. मधोमध. या हाताला पेटी, त्या हाताला ढोलकी, मागं दोन कोरसवाले. अन् मधे बाप, एक हात कानाला लावून." त्या पार्टीचं एकच गाणं कुणीतरी टेपरेकॉर्डरवर भरून घेतलं होतं, आणि ती कॅसेट तुझ्या आईच्या पत्र्याच्या पेटीत तळाशी राहिली. बुरशी पुसून प्रज्ञानं ती औरंगपुऱ्यातल्या एका दुकानातून पेनड्राइव्हवर उतरवून आणली. फोनवर लावली तर बाबा डासासारखे वाजले. मग नोकरी लागल्यावर पोरीनं पहिल्या पगारातून ते स्पीकर मागवले, आणि तू बसमध्ये माझ्या खांद्यावर थाप मारून म्हणालास, "रविवारी ये. पोरगी म्हणती मी लावते, म्हटलं आपल्या घरात वायरमन असताना तू कशाला हात लावती?"

आपल्या घरात म्हणालास. मला तेव्हा लई भारी वाटलं होतं. आमच्याकडं पडेगावात आजोबा-पणजोबांचं काय आहे म्हणशील तर सातबारे आहेत. एवढी माणसं जगून गेली, पण एकाचाही आवाज नाही. तुझ्याकडं जमिनीचा तुकडा नव्हता, पण बाप गाताना होता. मला त्याचा हेवा वाटायचा, हे तुला कधी बोललो नाही.

तर तो रविवार. खोक्यातून दोन डबे निघाले. एकात सगळं मशीन. मेनचा प्लग त्यालाच, पेनड्राइव्हची खाच त्यालाच, आवाजाचं बटण त्यालाच. दुसरा नुसता डबा, पहिल्याकडून दोन तारा आल्या की बोलणारा. दोन्हींच्या पाठीला एक लाल चिमटी आणि एक काळी. खोक्यातली वायर टीव्हीच्या दोन्ही बाजूंना डबे ठेवण्यापुरतीच होती, आणि तू तेच म्हणत होतास, की टीव्हीशेजारीच ठेवू. मी हटून बसलो. "एवढे चांगले डबे अन् असे चिकटवून ठेवतो का? एक शोकेसच्या या टोकाला, एक पार खिडकीपाशी. मांडवात कसे लावतात?" तू म्हणालास, "मांडव नाय राजा, दहा बाय बाराची खोली हाय." पण तू ऐकलंस. माझ्या कामात तू नेहमी माझंच ऐकायचास.

वायर चार हात कमी पडली. माझ्या पिशवीत पांढऱ्या पिळाच्या वायरीचा तुकडा होता, तो मी तिला पुढं जोडला. खोक्यातल्या वायरीत एका तारेवर लाल रेघ होती. माझ्या तुकड्यात दोन्ही तारा पांढऱ्याशुभ्र. त्यातली कोणती कुणाची, हे मीटर लावल्याशिवाय कळत नाही. मी मीटर लावलं नाही. अंदाजानं एकीच्या टोकाला लाल टेप गुंडाळली, जोडावर काळी टेप घट्ट फिरवली आणि सगळं शोकेसच्या मागं ढकलून दिलं. घरच्या दिव्याला दोन तारा उलट्या लागल्या तरी दिवा लागतोच. आयुष्यभर तेच बघितलेलं. कंपनीत मी मीटर लावल्याशिवाय एकही पॅनल बंद करत नाही. पण हे मित्राचं घर, रविवार, आणि आतून शिऱ्याचा वास येत होता.

"आला का?" मी शोकेसच्या मागून ओरडलो. वायरमनची जन्माची सवय. एका टोकाला आपण, दुसऱ्या टोकाला कुणीतरी.

"आला!" तू ओरडलास. मग जरा थांबून, "आला, पण मधे नाय."

"म्हंजे?"

"म्हंजे बाप कुठं उभाय तेच कळंना. घरभर सांडल्यावानी झालाय."

मी बाहेर येऊन ऐकलं. मला तर झकास वाटलं. आवाज केवढा तरी मोठा, चारी भिंतींतून आल्यासारखा. मी म्हणालो, "इतक्या जुन्या कॅसेटीत अजून काय पाहिजे तुला?"

"फोनवर बारीक होता पण एका जागी होता. इथं मोठा झालाय अन् हरवलाय. पोटातला आवाजच नाय बापाला." तू खुर्ची मधोमध ओढलीस, डोळे मिटलेस, मान इकडं केलीस, तिकडं केलीस. "वायर बघ एकदा."

मी दोन्ही डबे फिरवून दाखवले. लाल लालला, काळी काळीला. "ये, डोळ्यांनी बघ. दोन्ही टोकं बरोबर हायेत का नाय?"

"टोकं बरोबर हायेत. मधला जोड?"

"माझा जोड?"

"तुझा म्हणून काय झालं? मीटर आण ना."

"दोन तारांला मीटर लावू? कंपनीत हसतील मला."

वहिनी आतून म्हणाल्या, "भाऊजी, आधी शिरा खा. मामंजी कुठं पळून जात नाहीत." आपण हसलो आणि खायला बसलो. तू मात्र खाताना दोनदा मान वर करून त्या दोन डब्यांच्या मधल्या भिंतीकडं बघितलंस. तिथं टीव्ही होता, बंद. मला ते दिसलं होतं, गौतम. मी बघितलं नाही असं केलं.

पुढच्या रविवारी आलो तर डाव्या डब्याला पिवळा टॅग टांगलेला. कंपनीत ज्या मालाबद्दल तुम्हा क्वालिटीवाल्यांना शंका असते, त्याला लावतात तोच. होल्ड. तोही तू कोपरा फाटलेला आणला होतास, कंपनीचा कोरा टॅग घरी आणला नसतास कधी. त्यावर तुझ्या त्या मोत्यासारख्या अक्षरात लिहिलेलं. वस्तू : डावा डबा. शंका : बाप मधोमध उभा नाही. जबाबदार, हा रकाना मोकळा. सही, मोकळी. मी पोट धरून हसलो. तू पण हसलास, पण टॅग काढायला हात पुढं केला तर माझा हात धरलास. "नाय. चेक झाल्याबिगर होल्ड निघत नाय."

मग बसमध्ये रोज तेच सुरू झालं. पिशवी माझ्या मांडीवर आदळायच्या आधीच तू म्हणायचास, "टॅग अजून हाय बरं का." मी म्हणायचो, "लोंबू दे." महिना गेला, दोन गेले. गंमतच होती ती. मीटर माझ्या कप्प्यात होतं. पिशवीत टाकायला किती वेळ लागतो? पण एकदा नाही म्हटलं की माझं नाही म्हणजे नाही. माझ्या आईचा स्वभाव. तू म्हणायचास, पडेगावची माती.

आणि मग कॅन्टीनमधला तो दिवस.

तुझा कान म्हणजे काय होता हे मी इथं लिहून ठेवतो, कारण आता ते सांगणारा दुसरा नाही. गाड्यांच्या ब्रेकचे ओतलेले ड्रम टेबलावर यायचे, तू छोट्या हातोडीनं प्रत्येकाला एक टोला द्यायचास. चांगला ड्रम खणखणीत वाजतो, आत भेग असली की बद्द. भेग डोळ्यांना दिसत नाही. तुला ती ऐकू यायची, आणि भवती प्रेस धडधडत असताना ऐकू यायची. एवढंच कशाला, बारा वर्षांपूर्वी मी घाईत एक पॅनल बंद करून जेवायला निघालो होतो. तुझा काही संबंध नव्हता, तू आपला बाजूनं चालला होतास. थांबलास, म्हणालास, "दत्ता, ही मोटर रडतीय." मी म्हणालो, चल रे. तू हललाच नाहीस. उघडून बघितलं तर आत एक तार ढिली होती आणि बूड काळं पडत चाललं होतं. अर्ध्या तासात पेटलं असतं, आणि माझी नोकरीही त्यातच गेली असती. तू कुणालाही सांगितलं नाहीस. साहेबालाही नाही, वहिनींनाही नाही. तुझ्या कानानं माझं घर वाचवलं होतं.

त्याच कानाबद्दल मी सगळ्यांसमोर बोललो. दहा-बारा जण होते टेबलाला. तू टॅगची गोष्ट रंगवून सांगत होतास, सगळे माझ्याकडं बघून हसत होते, कुणीतरी म्हणालं, "दत्ताभाऊ, तुमचा माल होल्डवर का?" मला झोंबलं. मी म्हणालो, "गौतम, दोष डब्यात नाय. तुझ्या कानात हाय. वीस वर्षं ड्रम ठोकून ठोकून कान बद्द झालाय तुझा."

लई हसले सगळे. माझ्या बाजूनं हसले, म्हणून मला बरं वाटलं. तू हसला नाहीस. ताटातला वरणभात कालवत राहिलास. मग अगदी हळू विचारलंस, "खरंच वाटतं का तुला?"

तिथं मला माघार घेता आली असती. "अरे मस्करी केली," एवढं म्हणायचं होतं. मी म्हणालो, "दोन्ही टोकं मी तपासली आहेत. मग राहिलं काय?"

आठ दिवसांनी तू साहेबांकडं जाऊन ठोकायचं टेबल सोडलंस आणि कागदाच्या टेबलावर गेलास. मी विचारलं तर म्हणालास, "बसून काम. गुडघ्याला बरं." मी लगेच मान्य केलं. सोयीचं होतं मला ते. कंपनीच्या तपासणीत डॉक्टरनं तुझे कान वयाच्या मानानं चांगले आहेत म्हणून सांगितलं होतं, हे मला आता कळतंय, वहिनींकडून. त्यांनी तुला विचारलंही होतं म्हणे, डॉक्टर चांगलं म्हणतोय ना, मग? तर तू म्हणालास, "डॉक्टरला काय म्हायती? दत्ता वायरीच्या बाबतीत खोटं बोलत नाय."

गौतम, तू कसला माणूस होतास रे? साऱ्या जगाचा माल होल्डवर टाकायचास आणि माझा शब्द न ठोकता पास केलास? एक टोला द्यायचास. शिवी द्यायचीस, बसमध्ये शेजारी बसायचं बंद करायचंस. मला राग येतो तुझा. अकरा दिवसांत मी रडलो त्यापेक्षा जास्त तुझ्यावर चिडलो आहे. आणि मग आठवतं की चिडायचं ते कुणावर.

रविवारी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होता. शनिवारी सकाळी वहिनींचा फोन आला. "भाऊजी, फोटो ठेवायला शोकेसपुढं टेबल लावायचंय. त्या डब्यांच्या वायरी मधे येतात. तुम्ही लावल्यात, तुम्हीच काढा. आम्हाला भ्या वाटतं." मी गेलो. दारात चपला, आत पाहुणे, भिंतीला टेकवून ठेवलेला तुझा फोटो, कंपनीच्या ओळखपत्रावरचाच मोठा केलेला. मी त्याच्याकडं न बघता शोकेस पुढं ओढली. मागं धूळ, आणि धुळीत माझा जोड. टेप उन्हाळ्यानं सैल पडली होती. हातात घेतला तर टेपचा एक पदर आपसूकच सुटला.

मी ते गुंडाळून ठेवू शकलो असतो. कुणाला काय कळणार होतं? पण तो पिवळा टॅग माझ्या नाकासमोर लोंबत होता. मी उठलो, गाडी काढली, पडेगावला गेलो, मीटर घेऊन परत आलो. लाल रेघेच्या तारेला एक काटा लावला, खिडकीकडच्या टोकाला लाल टेपवाल्या तारेला दुसरा. तार एकच असली तर मीटर वाजतं. मीटर गप्प. दोन्ही टोकं नीट खरवडली, परत लावलं. गप्प. मग दुसरा काटा काळ्या चिमटीच्या तारेला लावला.

बीप.

मीटर ते. ते काही ओरडत नाही, पण मला वाटलं सगळ्या पाहुण्यांनी ऐकलं. मी काटा काढला, परत लावला. बीप. मी तुझ्या फरशीवर तसाच बसून राहिलो. जोडात तारा उलट गेल्या होत्या. दोन्ही टोकं बरोबर दिसत होती आणि मधे मी अदलाबदल करून ठेवली होती. म्हणजे एक डबा आवाज पुढं ढकलत होता तेव्हा दुसरा मागं ओढत होता. दोघं मिळून तुझ्या बापाला मधल्या मधे खाऊन टाकत होते, आठ महिने. आणि ते त्या घरात एकट्या तुला ऐकू येत होतं.

प्रज्ञा माझ्या शेजारी येऊन उकिडवी बसली. "काय झालं काका?" मी म्हणालो, "काही नाही. जोड परत करतो." तिनं विचारलं नाही की काढायला बोलावलं आणि हे जोडतायत कशाला. तारा पकडून बसली. मी जोड केला, मीटर लावलं, दोन्ही टोकं, मधला जोड, सगळं. मग म्हणालो, "आजोबांचं गाणं लाव बेटा." ती म्हणाली, "पप्पा लावतच नव्हते नंतर. म्हणायचे, माझा कान गेलाय, तुम्ही ऐका. मग आम्हीपण नाही लावलं."

मी शोकेसच्या मागंच होतो. सुटलेली टेप गोळा करत होतो. गाणं सुरू झालं आणि माझ्या तोंडून सवयीनं गेलं, "आला का?"

ओरडल्यावर मला समजलं की मी कुणाला विचारलं. तुझं उत्तर यायला लागायचा तेवढाच वेळ गेला, आणि मग प्रज्ञा म्हणाली, "आले काका. आजोबा मधे आले."

मी बाहेर आलो. गौतम, तो माणूस तिथं उभा होता. असलं काही मी मानत नाही, आणि तू तर मुळीच मानत नव्हतास. हे नुसतं दोन डब्यांचं काम आहे. पण आवाज डब्यांतून येतच नव्हता. टीव्हीच्या जरा वर, मधोमध, माणसाच्या छातीएवढ्या उंचीवरून येत होता. पोटातून. श्वास घेतलेला कळत होता. कडव्याच्या शेवटी ते जरा मागं सरकले तेसुद्धा कळलं. कोपऱ्यातली तुझी म्हातारी आत्या डोळ्यांना पदर लावून म्हणाली, "किसन असाच उभा राह्यचा." आणि ज्याला हे ऐकायचं होतं त्याचा फोटो भिंतीला टेकून उलटीकडं तोंड करून उभा होता, पुसायला म्हणून कुणीतरी फिरवून ठेवलेला.

मी वहिनींना स्वयंपाकघरात गाठलं आणि सगळं सांगून टाकलं. जोड, मीटर, कॅन्टीन. "त्याचा कान चांगला होता वहिनी. चूक माझी होती." त्या कणीक मळत होत्या. हात थांबला नाही. मला वाटलं रडतील, नाहीतर बोल लावतील. मला बोल हवाच होता. मळता मळता त्या म्हणाल्या, "ते टेबल सोडलं त्या दिवशी जेवले नव्हते. मला म्हणाले, आता मी कशाचा क्वालिटीवाला?" मग परात बाजूला सारली. "मला कशाला सांगता भाऊजी? त्यांना सांगा."

म्हणून हे लिहितोय. मला लिहायची सवय नाही, तुला माहीत आहे. रजेचा अर्जसुद्धा तूच लिहून द्यायचास.

सोमवारी कॅन्टीनमध्ये त्याच टेबलाशी उभा राहिलो. तेच दहा-बारा जण, तुझी जागा सोडून. मी म्हणालो, "ऐका जरा. गौतमचा कान बरोबर होता. माझा जोड उलटा होता. मी मीटर लावलं नव्हतं." एकानं "बसा दत्ताभाऊ, जेवून घ्या" म्हटलं. एक जण खाली मान घालून जेवत राहिला. तुझ्यावर हसायला सगळे होते, हे ऐकायला कुणाला जमेना. साहेबांकडंही गेलो. ते म्हणाले, "अहो, मी तर त्याला सोडतच नव्हतो टेबलावरून. तोच म्हणाला, माझ्यावर भरवसा नको." मी ठोकायच्या टेबलापाशी जाऊन आलो. तुझी हातोडी खिळ्याला टांगलेली आहे. दांड्याला तुझ्या अंगठ्याचा खळगा आहे.

डबे तुझ्या घरात तसेच आहेत, वहिनींनी काढू दिले नाहीत. टेबल जरा तिरकं लावलं आणि कार्यक्रम झाला. काल संध्याकाळी परत गेलो होतो. प्रज्ञा म्हणाली, "काका, आता टॅग काढायचा का?" मी म्हणालो, "थांब, आधी भरू दे." खिशातलं पेन काढलं. वस्तू तुझ्या अक्षरात होती, शंका तुझ्या अक्षरात होती. जबाबदार, या रकान्यात मी माझं नाव लिहिलं, पूर्ण, वडिलांच्या नावासकट. माझं अक्षर तुझ्याशेजारी फार वाईट दिसतं.

मग सहीचा रकाना राहिला. प्रज्ञा पेनासाठी हात पुढं करून उभी होती. मी पेन खिशात ठेवलं. ती सही मला करता येत नाही आणि तिलाही नाही. माल दुरुस्त झाला आहे, बाप मधोमध उभा आहे, मी स्वतः ऐकलं आहे. पण पास करणारा तू आहेस, म्हणून टॅग अजून डाव्या डब्याला आहे.